राजाच्या डोक्यातली माती

माझ्या नोकरीमुळे ऑकलंडमधल्या निम्म्या मराठी घरांत माझ्याविषयी थोडी अढीच असायची. मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडेपर्यंत कुणीतरी कोपऱ्यात गाठायचंच. "आमच्या आईंचा कढीपत्ता तूच टाकलास ना गं?" बहुतेक वेळा मी टाकलेला नसायचा. पण विमानतळावरच्या क्वारंटाइनमध्ये मराठी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे पुण्या-मुंबईहून आलेला प्रत्येक कढीपत्ता माझ्याच नावावर जमा व्हायचा.

कोकणातल्या कृषी महाविद्यालयात मी कीटकशास्त्र शिकले आणि नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागून इथं आले. या देशाचं पोट दूध, मांस आणि फळांवर चालतं. चहूकडून समुद्र असल्यामुळे जगातल्या कितीतरी किडी आणि रोग इथं पोचलेलेच नाहीत. ते पोचू द्यायचे नाहीत, हे आमच्या खात्याचं काम. बॅगा उघडायच्या, बुटांचे तळवे बघायचे, कंटेनरमध्ये टॉर्च मारायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण एका स्वारीनं कढीपत्ता पैठणीच्या घड्यांत घडीगणिक पसरून आणला होता. मी एकेक घडी उलगडत होते तेव्हा त्या काकू काकुळतीला येऊन म्हणाल्या, "अगं, तू आपलीच ना?" म्हटलं, "आपलीच आहे, म्हणून तर कुठं शोधायचं ते कळलं." त्यांनी पुढं कित्येक वर्षं मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

आमचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र पाला नव्हे, माती. फळ निदान दिसतं. चिमूटभर मातीत काय काय झोपलेलं असेल ते डोळ्यांना दिसत नाही. बुरशी, सूत्रकृमी, कसली कसली अंडी. म्हणून मातीला दार बंद. सापडली तर तीन वाटा: प्रक्रिया करा, जाळा, नाहीतर जिथून आली तिथं परत पाठवा.

या मातीनंच मला नोकरीतला सगळ्यात अवघड आठवडा दाखवला. दोन हजारच्या दशकाच्या मधली गोष्ट. शहरातल्या एका संग्रहालयात पश्चिम आफ्रिकेतल्या राजदरबारी वस्तूंचं प्रदर्शन युरोपातून यायचं होतं. अशा नाजूक मालाच्या पेट्या विमानतळावर उघडत नाहीत. संग्रहालयातच एक बंदिस्त खोली असते, तिथं आम्ही जायचं. पेट्या उघडण्यापूर्वी तिथल्या माओरी ज्येष्ठांनी कराकिया म्हटली, म्हणजे त्यांची प्रार्थना. मग दार बंद झालं आणि खोलीत आम्ही तिघं उरलो. मी होते. युरोपातल्या संग्रहालयानं वस्तूंबरोबर पाठवलेली मार्टा होती, काटक, अबोल, पेटीवरून नजर न हटवणारी. तिसरे डॉक्टर ओसागिए.

डॉक्टर मूळचे नायजेरियातल्या बेनिन शहराचे. शहराच्या दक्षिण टोकाला पापाकुऱ्यात त्यांचा दवाखाना होता. प्रदर्शनात त्यांच्या लोकांचा सल्ला घ्यावा म्हणून संग्रहालयानं त्यांना बोलावलं होतं. उंच, सावकाश बोलणारा माणूस. मी पांढरा सूट चढवत असताना ते मला समजावून सांगत होते. बेनिनचा राजा वारला की गादीवर आलेल्या मुलानं पहिलं काम करायचं ते बापाचं शीर ओतून घेण्याचं. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेण चढवायचं, मेणात नाक-डोळे कोरायचे, वरून पुन्हा माती लिंपायची. तापवलं की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. जग त्यांना ब्राँझ म्हणतं, पण बरीचशी पितळेची असतात. ही शिरं राजवाड्यातल्या देव्हाऱ्यावर मांडायची, टाळूवरच्या भोकात कोरीव हस्तिदंत उभा करायचा आणि मेलेल्या राजांशी बोलायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या फौजेनं तो राजवाडा जाळला, राजाला हद्दपार केलं आणि देव्हारेच्या देव्हारे बोटींत भरून नेले.

"तुमच्या घराण्याचा राजाशी संबंध?" मी विचारलं.

"आम्ही ओतारी," ते म्हणाले. "राजासाठी ओतायचं. दुसऱ्या कुणासाठी ओतलं तर मुंडकं जायचं. आमच्या गल्लीत अजून भट्ट्या पेटतात."

पहिल्या पेटीत पितळी बिबट्या निघाला. बिबट्या म्हणजे राजाचं जनावर. तो धातूचा असल्यामुळे माझ्या तावडीतून सुटला. पोवळ्यांच्या माळा निघाल्या, त्याही सुटल्या. मग मार्टानं ते शीर बाहेर काढलं.

मी वस्तूंकडे कीड शोधायच्या नजरेनंच बघते. तरी क्षणभर थबकले. गळ्यापासून थेट खालच्या ओठापर्यंत पोवळ्यांच्या माळांचे थरावर थर, डोक्यावर पोवळ्यांचीच टोपी, आणि त्या सगळ्या ओझ्यातून समोर रोखलेले मोठे डोळे. डॉक्टरांनी मान खाली घातली होती. मी टाळूच्या भोकातून टॉर्च मारला.

आत माती होती, चांगली ओंजळ दोन ओंजळ. काळपट, घट्ट बसलेली, मधेमधे पांढरे ठिपके.

"हे काय आहे?"

"देव्हाऱ्यावरचा अवशेष," मार्टा म्हणाली. "आमच्याकडे आलं तेव्हापासून आहे. तो वस्तूचाच भाग आहे."

डॉक्टर पुढं झाले. मी हात आडवा धरला तेव्हा लांबूनच वाकून पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "ते पांढरं... तो खडू आहे. आमच्याकडे पूर्वजांना पांढरी खडूची माती वाहतात. आणि बळीचं रक्त. म्हणजे राजवाड्यातलं सगळं अजून आत आहे."

एवढ्यात टॉर्चच्या उजेडात ती माती हलली.

मी चिमटा आत घातला. तांबूस केसांची छोटी अळी होती, वळवळणारी. बाटलीत टाकली, झाकण लावलं, शिरावर पिशवी ओढून सील केली, दाराच्या फटीला टेप लावली आणि वरिष्ठांना फोन केला. ग्रॅहम माझा साहेब. शेतकऱ्याचा मुलगा, मनानं चांगला. पण त्याच्या आधी दोनतीन वर्षं शहराच्या पश्चिमेला एका परक्या पतंगाच्या मागं घरांवरून विमानानं फवारणी करावी लागली होती आणि लोकांच्या शिव्या त्यानं जन्माला पुरतील इतक्या खाल्ल्या होत्या.

तो तासाभरात आला. खोलीच्या काचेतून शिराकडे पाहिलं आणि म्हणाला, "आफ्रिकेतली माती, त्यात रक्त, त्यात जिवंत अळी. नीला, यात विचार करण्यासारखं काय आहे? माती काढून जाळायची."

"माती काढली तर करार मोडला," मार्टा म्हणाली. "मग हेच नव्हे, सगळ्या पेट्या परत जातील. मला तशा स्पष्ट सूचना आहेत."

डॉक्टर ग्रॅहमच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. "तुमचे वडील कुठं पुरलेत?"

"वायकाटोत. का?"

"त्यांच्या थडग्यावरची माती कुणी भट्टीत घालतो म्हणालं तर?"

ग्रॅहमचे कान लाल झाले. "मग मूळ देशी परत पाठवू. नियमात तीही सोय आहे."

"पाठवा!" डॉक्टर ओरडलेच. त्या सावकाश बोलणाऱ्या माणसाचा एवढा मोठा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. "मूळ देशी म्हणालात ना? लिहा तसं. बेनिन! मी स्वतः घेऊन जातो. लिहा!"

मूळ देश म्हणजे आमच्या भाषेत ज्यानं माल पाठवला तो देश. मार्टा जमिनीकडे बघत होती. शेवटी ग्रॅहम माझ्याकडे वळला. "शुक्रवार सकाळपर्यंत तुला वेळ. शनिवारी उद्घाटन आहे. आणि ती खोली उघडी राहून काही बाहेर गेलं तर त्याखाली सही तुझी."

त्या दोन दिवसांत घरी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझी लेक तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "मम, यू पुट सॉल्ट इन द चहा." मला डॉक्टरांचा चेहरा दिसत होता आणि त्याचबरोबर गाईंचे मेलेले कळपही दिसत होते. लाळ्या-खुरकुतासारखा रोग एकदा आत शिरला तर इथली गावंच्या गावं बसतात. भावनेला भुलून मी माती सोडली आणि काही झालं तर? आणि नियमावर बोट ठेवून जाळली तर जे जाईल ते पुन्हा कुठून आणणार?

अळीचं उत्तर लवकर मिळालं. ती गालिचे खाणाऱ्या भुंगेऱ्याची निघाली, न्यूझीलंडच्या घराघरांत आधीपासून असलेली. म्हणजे जिवंत शत्रू नव्हता. पण माती ती मातीच. ग्रॅहम फोनवर म्हणाला, "अळी सोड. माती काय आहे ते सांग."

मार्टाच्या परवानगीनं चमचाभर नमुना घेतला होता. प्रयोगशाळेत तो पाण्यात सोडला, गाळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. रक्ताचे थर, खडू, पिसं, राख असं काहीतरी दिसेल अशी माझी तयारी होती. मी मनातल्या मनात युक्तिवादही रचत होते की इतकी जुनी, वाळलेली गोष्ट बंद पेटीत ठेवून दाखवता येईल.

पहिल्यांदा दिसली मुळं. केसासारखी, जाळं विणलेली. देव्हाऱ्यावर मुळं कशी? मग कोळशाच्या शेगडीतल्या जळक्या खड्यांचे तुकडे. मग एक पातळ, तपकिरी, पारदर्शक पापुद्रा. तो ओळखीचा वाटला, कारण असला पापुद्रा मी रोज सकाळी ओट्यावरून पुसून टाकत होते. कांद्याची साल. पण कांदा नव्हता. शेजारच्या विभागातल्या वनस्पतींच्या जाणकार बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं, स्लाइड फिरवली, पुन्हा पाहिलं. "डॅफोडिलचा कंद. कुंडीतली माती आहे ही."

"आणि हे पांढरं?"

त्यांनी भिंग वाढवलं. ठिपक्यांना बारीक छिद्रं होती. "हाडांची पूड. बागेतल्या फुलझाडांना घालतात."

मी खुर्चीत बसले. चित्र स्पष्ट होतं. कुणातरी सैनिकानं ते शीर घरी नेलं असेल. घरातल्या कुणालातरी टाळूवरचं भोक सोयीचं वाटलं असेल. खिडकीत, नाहीतर पायरीवर, एका राजाच्या डोक्यात पिवळी फुलं लावली गेली. पुढं ते संग्रहालयात आलं तेव्हा तिथल्या विद्वानांनी मातीकडे मोठ्या आदरानं पाहिलं आणि तिला हात लावला नाही.

माझ्या कामापुरता प्रश्न सुटला होता. माती परकी, बागेतली, हाडांची पूड असलेली, म्हणजे जाळायचीच. सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम मी मार्टावर टाकू शकत नव्हते.

गुरुवारी दुपारी ते दवाखान्यातून तसेच आले, गळ्यात स्टेथोस्कोप राहिलेला. संग्रहालयाच्या चहाच्या खोलीत आम्ही बसलो. त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "मी आईला फोन केला. म्हटलं, देव्हाऱ्यावरची माती अजून आत आहे. म्हातारी सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय. लोक तिच्याकडे येऊन बसतायत."

मी फोटो टेबलावर ठेवले. काय कुठं दिसलं ते एकेक करून सांगितलं. आडवळण घेतलं नाही. डॉक्टरला आजार सांगायचा तर सरळच सांगावा लागतो.

"खात्री आहे?"

"आहे."

"पांढरं?"

"खत."

ते त्या कंदाच्या सालीकडे पाहत राहिले. बाहेर शाळेच्या मुलांची रांग गोंगाट करत चालली होती. मग त्यांनी फोटो उलटा करून ठेवला. "मी त्या मातीसमोर मान झुकवली. कुणाच्यातरी बागेसमोर."

"राजासमोर झुकवलीत," मी म्हटलं.

"आता आईला काय सांगू?" त्यांनी विचारलं. मग ते उठले. "काढा ती घाण. आणि मला काढू द्या."

नियमात हे बसत होतं. अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, सूट घालून, कुणीही काढू शकतो. मार्टाला मी सालीचा फोटो दाखवला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं आपल्या लोकांना फोन लावला. काचेमागून मला तिचे हातवारे दिसत होते. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "परवानगी आहे," ती म्हणाली. "आम्ही ते पाहुण्यांना दाखवायचो. पवित्र माती म्हणून." मग ती डॉक्टरांकडे वळली आणि हळूच म्हणाली, "माफ करा." डॉक्टरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सूट चढवला. मार्टानं शीर आडवं करून उशीवर धरलं, मी टॉर्च धरला. लाकडी पट्टीनं ते माती सैल करायचे, मऊ ब्रशनं ओढून घ्यायचे. सर्जनचे हात नव्हते, साध्या जीपीचे होते, पण थरथरले नाहीत. माती पिशवीत पडत होती. मुळांचा एक गुंता अख्खा निघाला, टोपीच्या आतल्या गोलाईचा आकार घेतलेला. तो बाहेर काढताना त्यांच्या तोंडून शिवी निघाली असावी. त्यांच्या भाषेत होती, पण शिवी कळायला भाषा लागत नाही.

मग पट्टी थांबली. "इथं रंग वेगळा आहे."

मी टॉर्च जवळ नेला. काळ्या मातीच्या तळाशी, धातूला चिकटून, एक लालसर थर होता. मार्टाचे हात आवळले. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मास्कच्या वरचे फक्त डोळे. "हीपण काढायची?"

ग्रॅहम काचेपलीकडे उभा होता. माती म्हणजे माती, असं तो म्हणाला असता तर मला अडवता आलं नसतं. मी सुई घेतली आणि त्या थरावर टेकवली. रुतली नाही. जोर दिला. तरी रुतली नाही. टकटक केलं तर खापराचा आवाज आला.

"ही भाजलेली आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलात तो आतला गाभा. ओतताना राहिलेला."



मी काचेकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "ग्रॅहम, ही भाजलेली माती आहे. विटेसारखी. कौलं, मडकी आपण सोडतो."

"किती भाजलेली?"

"पितळ वितळवून तिच्या अंगावर ओतलंय."

तो अंगठा वर करून म्हणाला, "स्वीट अ‍ॅज. राहू दे."

डॉक्टरांनी ब्रश खाली ठेवला आणि टॉर्च माझ्या हातातून घेतला. त्या भोकातून ते आत पाहत राहिले. त्यांच्या गल्लीतल्या कुणाच्यातरी हातांनी मळलेली ती माती होती. मार्टानं शीर जराही हलू दिलं नाही. मला घाई होती, संध्याकाळपर्यंत सगळं सील करायचं होतं. पण "चला आता" म्हणायचा मला धीर झाला नाही.

बागेची माती त्याच दुपारी जळली. शीर बंद काचपेटीत गेलं.

शनिवारी उद्घाटनाला मी साडी नेसून गेले. सूट नसलेली मी कुणाला ओळखूच आले नाही. बेनिनची माणसं ख्राइस्टचर्चपासून आली होती, रंगीत कपडे, गळ्यात पोवळी. भाषणात डॉक्टरांनी सगळं सांगितलं. खिडकी, कुंडी, डॅफोडिल, हाडांची पूड. संग्रहालयाचे अधिकारी खाली बघत होते.

पुढच्या रांगेत काठी घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं मोठ्या आवाजात काही विचारलं. त्यांची माणसं आधी दचकली आणि मग एकदम हसली, डॉक्टरसुद्धा. मी शेजारणीला विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "ती विचारतेय, निदान फुलं तरी चांगली आली होती का?"

भाषणं संपल्यावर लोक खाण्याकडे वळले. म्हातारी वळली नाही. काठी टेकत काचेजवळ गेली, इतकी जवळ की तिच्या श्वासानं काच धुरकटली, आणि शिराशी बोलायला लागली. सावकाश, बारीक आवाजात, मधेच हातानं दाराकडे, खिडकीकडे, बाहेरच्या दिशेनं दाखवत. बराच वेळ बोलत होती. पहारेकरी पुढं सरकला, पण मी त्याला नको म्हणून खुणावलं.

डॉक्टर माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते.

"प्रार्थना?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "ती त्याला सांगतेय की तो आत्ता कुठं आहे. ती म्हणते, इतक्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलंच नसेल."